गवताचा न्हावी

गवत वाढू नये म्हणून माणसाने पदरचे पैसे खर्च करावेत, ही कल्पना आमच्या जामखेडात रुजायला अजून बराच अवकाश आहे. आमच्याकडे गवत उगवलं की माणसं आधी आभाळाकडे बघून हात जोडतात आणि मग विळ्याला धार लावतात. त्यामुळे गेल्या वैशाखात, डांबर पातळ होण्याच्या वेळी, पुण्याहून आलेल्या टेंपोतून एक भलंमोठं खोकं माझ्या दारात उतरलं आणि टेंपोवाला "काका, गवत कापायचा रोबोट आहे, इथं सही करा" असं म्हणाला, तेव्हा समोरच्या पारावर बसलेल्या मंडळींपैकी एकाने फक्त एवढंच विचारलं, "गवत कुठंय?"

प्रश्न रास्त होता. माझ्या परसात त्या दिवशी हिरवं म्हणून जे काही होतं, त्यात प्लास्टिकच्या बादलीचा वाटा मोठा होता.

खोकं धाडणारे आमचे चिरंजीव. ते अमेरिकेत पिट्सबर्गला असतात. निमित्त होतं माझ्या पंच्याहत्तरीचं. पंच्याहत्तराव्या वर्षी बापाला काय द्यावं याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत. कुणी शाल देतात, कुणी काशीयात्रा घडवतात, काहीजण नुसताच फोन करतात. आमच्या चिरंजीवांनी यंत्रमानव दिला. त्यामागे इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी परसाच्या उतारावर पडलेल्या शेवग्याच्या शेंगा गोळा करायला म्हणून मी उतरलो, ओल्या गवतावरून पाय सटकला आणि शेंगांऐवजी मोडलेलं मनगट घेऊन वर आलो. प्लास्टर सहा आठवडे होतं. ही बातमी अमेरिकेला कळू द्यायची नाही, असं आम्हा उभयतांचं ठरलं होतं. पण मोबाइलवर तोंड दाखवून बोलायची सोय झाल्यापासून बापाला खोटं बोलताना एक हात टेबलाखाली ठेवावा लागतो, आणि हे मी चहाचा कप उचलताना विसरलो. तेव्हापासून चिरंजीवांच्या मते आमच्या घराण्याचा एक नंबरचा शत्रू म्हणजे गवत.

आता या यंत्रावर टीका करण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. साहित्यावरची टीका मला जमत नाही. कवितेत चढ कुठे लागला आणि उतार कुठे, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. जमिनीतला मात्र सांगता येतो. १९७२ साली डिप्लोमा हातात पडला, त्याच साली दुष्काळ पडला आणि माझी पहिली नेमणूक दुष्काळी कामावर ओव्हरसियर म्हणून झाली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रस्त्यांचे, मोऱ्यांचे आणि बांधांचे चढ मोजले आणि दुसऱ्यांच्या कामात खोट काढली. सरकारने त्याबद्दल पगारही दिला. टीकाकाराला याहून अधिक काय लागतं?

या जातीच्या यंत्राची आणि माझी पहिली भेट चार वर्षांपूर्वी पिट्सबर्गलाच झाली होती. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीतून बघतो, तो चिरंजीवांच्या अंगणात एक मोठं काळं कासव फिरतंय. सरळ जायचं, कुंपणाशी थबकायचं, थोडं मागे सरायचं, मान तिरकी करायची आणि भलत्याच दिशेला चालू पडायचं. आमच्या खात्यात मार्च अखेरीला असे फिरणारे एक साहेब होते, त्यांची आठवण झाली. चिरंजीवांनी खुलासा केला की अंगणाच्या कडेने जमिनीत एक तार पुरली आहे, तिच्यातून किंचित वीज खेळते, आणि ही लक्ष्मणरेषा आली की यंत्र माघारी वळतं. फिरण्यात क्रम नाही. पण रोज फिरफिर फिरून आठवड्यात इंच न् इंच जमीन त्याच्या पोटाखालून जाते. पोटाला तीन चिमुकली पाती, दाढीच्या पात्याएवढीच. गवताचा शेंडा रोज केसभर उडवायचा. तो तिथेच पडतो आणि कुजून खत होतो. भूक लागली, म्हणजे बॅटरी उतरली, की कासव आपणहून दावणीला जाऊन उभं राहतं. थोडक्यात, हा कापणीचा गडी नव्हे. हा गवताचा न्हावी. रोज येतो, हलकी दाढी करून जातो आणि गप्पा मारत नाही.

तिथे त्याची गरज मला पटली. अमेरिकेत बऱ्याच गावांत दारापुढचं गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. पाणी आलं नाही म्हणून आपण नगरपालिकेला शिव्या देतो. तिथे गवत आलं म्हणून नगरपालिका आपल्याला देते. ही हिरवळीची हौस मूळची इंग्रजांची. पूर्वी ती राखायला धारदार कोयते घेतलेली माणसं लागत, नाहीतर मेंढ्या. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहिलं आणि तीच युक्ती जमिनीला लावली. जमिनीवरच्या गवताकडे बघून ज्याला कापडावरची लव आठवली, त्याच्या घरी म्हैस नसणार, हे उघड आहे. पुढे स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने १९९५ मध्ये माणसाशिवाय फिरणारं, उन्हावर चालणारं यंत्र बाजारात आणलं आणि मग या कासवांची पैदास वाढली. मधल्या काळात मेंढ्या अगदीच निवृत्त झाल्या होत्या असंही नाही. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या आणि त्यांची लोकर लिलावात काढून पैसे रेडक्रॉसला दिले होते. हे वाचून मला फार बरं वाटलं. अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडी आमच्याच तालुक्यातलं. मेंढ्या रानात बसवून घेण्याबद्दल शेतकऱ्याने धनगराला धान्य द्यायचं, हा व्यवहार आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. अध्यक्षांना ते महायुद्धात सुचलं.

पिट्सबर्गला एक गोष्ट आणखी घडली. कुंपणापलीकडे एक वयस्क गोऱ्या बाई राहत. सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवून निवृत्त झालेल्या. गाव कोणतं, असं त्यांनी विचारलं. 'मुंबईजवळ' असं सांगायची आपली रीत आहे, पण त्या दिवशी तोंडातून 'जामखेड' निघून गेलं. बाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आरोळे!" डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडात जे काम सुरू केलं, खेड्यातल्या, पुष्कळदा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं, ते या बाई वर्गात शिकवत होत्या. मी फुकटचा मान घेतला. मग त्यांनी कासवाकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्याकडे अंगणासाठी काय वापरता?" मी म्हणालो, "एक बाई आहेत." बाईंनी मान डोलावली. त्यांना तेही आरोळ्यांच्याच योजनेत वाटलं असावं.

पण मुद्दा चढाचा आहे. पिट्सबर्ग हे टेकड्यांचं गाव. तिथे कॅन्टन अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, त्याचा चढ ३७ टक्के. आमच्याकडे घाटरस्त्याचा चढ शक्यतो वीसास एक, म्हणजे ५ टक्के धरतात. बोरघाटात रेल्वे ३७ फुटांत १ फूट चढते, तर तेवढ्यासाठी मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ३७ टक्क्यांच्या रस्त्याचा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी शाईची दौत त्यावर ओतली असती. चिरंजीवांचं अंगण त्या मानाने सभ्य होतं, ३० टक्क्यांच्या आसपास. त्यावर ते कासव व्यवस्थित चाले, हे मी इमानाने नोंदवतो. जमीन गादीसारखी, गवत एका जातीचं, दगड औषधालाही नाही.

ही टक्क्यांची भानगड जरा समजून घ्या, कारण यंत्र विकणारे नेमके इथेच ग्राहकाला गंडवतात. १०० टक्के चढ म्हणजे भिंत नव्हे. जेवढं आडवं गेलात तेवढंच वर चढलात की १०० टक्के होतात, आणि अंश भरतात फक्त ४५. त्यामुळे एका जाहिरातीत '३५' लिहिलेलं असतं आणि दुसरीत '७०', आणि आपल्याला वाटतं दुसरं यंत्र दुप्पट जोरकस. पहिल्याने अंश लिहिलेले असतात, दुसऱ्याने टक्के, चढ एकच. सोपं म्हणून मी आमच्या वेळच्या मॅट्रिकचे मार्क लक्षात ठेवतो. मागची दोनच चाकं जोर लावतात ती साधी यंत्रं ३५ टक्क्यांना काठावर पास, त्यातली हुशार ती ४५ म्हणजे सेकंड क्लास. आणि चारही चाकांना जोर असलेली, ७०-८० पर्यंत जाणारी, डिस्टिंक्शनवाली. माझ्या वाट्याला आलेलं यंत्र सेकंड क्लासचं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. मी स्वतः सेकंड क्लासच.

मृग बरसून परसात कोंब दिसायला लागले, तसं मी मोजमाप घेतलं. पाण्याची नळी, टेप आणि आमची ही. परसदारापासून ओढ्याच्या कुंपणापर्यंत आडवं अंतर २० फूट, उतार ९ फूट. म्हणजे बरोबर ४५ टक्के. चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर ते आनंदले. "बाबा, एक्झॅक्ट बसतंय!" मला मात्र खात्यातला अनुभव आठवत होता. जे काम कागदावर एक्झॅक्ट बसतं, ते पहिल्या पावसात वाहून जातं.

शिवाय आमचं परस म्हणजे गादी नव्हे. बालाघाटच्या डोंगररांगांचा शेवट इकडे येतो. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि अधूनमधून काळे दगड डोकं वर काढून कोण आलं ते बघत असतात. गवतही एका जातीचं नाही. हरळी आहे, मारवेल आहे, पवना आहे, आणि ज्याचे काटे धोतराला एकदा धरले की धोतर फाटलं तरी सोडत नाहीत, ते कुसळी आहे. मधोमध कडुनिंब. अशा ठिकाणी त्या यंत्राची बसवणी करायला आषाढात पुण्याहून एक तरुण आला. या यंत्राला तार नव्हती. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून चालतं आणि त्यांच्या उत्तरातली चूक सुधारायला अंगणात एका खांबावर छत्रीएवढ्या जागेत एक अँटेना उभी करावी लागते. मग बोटभर अंतरापर्यंत त्याला आपला ठावठिकाणा कळतो. त्या तरुणाने मोबाइल हातात धरून यंत्राला परसाच्या कडेने एकदा मिरवून आणलं, हद्द शिकवली, माझ्या फोनवर एक आणि चिरंजीवांच्या फोनवर एक अशी कळ बसवली, आणि जाता जाता म्हणाला, "काका, फक्त एक करा. गवत चार बोटांपेक्षा उंच असलं तर सुरुवातीला एकदा कापून घ्या, मग मशीन लावा."

मी त्याला पुन्हा विचारलं. माहितीपुस्तकही काढलं. त्यातही तेच. गवत कापायचं यंत्र लावण्यापूर्वी गवत कापून घ्यावं. स्वयंपाकाला बाई ठेवावी आणि तिने म्हणावं, आधी सगळा स्वयंपाक करून ठेवा म्हणजे मला सोपं जाईल, त्यातली गत. आणि आमचं गवत तर श्रावणात गुडघ्याला लागलं होतं.

तेव्हा मावशींना बोलावणं गेलं.

मावशी म्हणजेच त्या पिट्सबर्गच्या बाईंना सांगितलेल्या बाई. ओढ्यापलीकडे राहतात. एक गाय आणि दोन शेरडं. गेली वीसेक वर्षं आषाढापासून कार्तिकापर्यंत माझ्या उतारावरचं गवत त्याच कापून नेतात. पैसे त्यांनी द्यायचे की मी, हा प्रश्न कधी निघाला नाही. गाय व्याली की खरवस येतो, एवढं खरं. मावशी वय सांगत नाहीत. पण त्या उतारावर बसून, डाव्या हातात मूठ धरून उजव्या हाताने विळा चालवत त्या अशा सरकत खाली जातात, की ४५ टक्क्यांचा तो चढ आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हे लगेच कळावं. त्या आल्या, दोन दिवसांत गवत कापलं, भारे बांधले आणि तिसऱ्या दिवशी यंत्र बघायला थांबल्या. पारावरची मंडळीही आत आली होती.

यंत्र निघालं. चढावर ठीक चढलं. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो. मागच्या चाकांना जोर असलेलं यंत्र चढताना वजन मागे टाकतं, त्यामुळे चाकं जमिनीला घट्ट धरतात. उतरताना वजन पुढच्या मोकळ्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे यंत्र चढताना तरुण आणि उतरताना पंच्याहत्तरीचं. माझंही मनगट उतरतानाच मोडलं होतं, त्यामुळे हा भाग मला चटकन समजला. मावशी बराच वेळ गाल हाताला लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अण्णा, ह्ये खातंय का नुसतं चावून थुकतंय?"

मी खताबद्दल सांगितलं. कापलेला चुरा तिथेच पडतो, जमिनीला मिळतो, वगैरे.

"म्हंजी थुकतंय," मावशी म्हणाल्या आणि भारा डोक्यावर घेऊन गेल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी यंत्राचा आणि यंत्र माझा अभ्यास करत होतं. कडुनिंबाखाली गेलं की त्याला आभाळ दिसेनासं होई आणि ते ध्यानाला बसे. वीज गेली की अँटेना आंधळी होई, मग ते उघड्यावरही ध्यानाला बसे. आणि वीज जाणं हा आमच्याकडे नैमित्तिक प्रकार नाही. दगडावर पात्यांची धार दोन दिवसांत जाई. पाती बदलायला मी गुडघे टेकून बसे, तेव्हा आमची ही आतून म्हणे, "देवापुढे कधी असे बसला नाहीत." गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याने अंगणातली हरळी इतकी गुळगुळीत केली की एकवीस दूर्वांना शेंडा मिळेना. त्या आम्ही मावशींकडून आणल्या. पितृपक्षात मात्र त्याच्या अँटेनेवर कावळा येऊन बसला आणि नैवेद्याला शिवला, हा एक गुण त्याच्या खात्यात टाकला पाहिजे.

सगळ्यात मौज अडकल्यावर होई. यंत्र अडकलं की निरोप फोनवर जातो. माझा फोन बहुधा देवघरात असतो, चिरंजीवांचा उशाशी. आमच्याकडे सकाळचे १० वाजलेले, तिथे रात्रीचे साडेबारा. मी ओसरीवर पेपर वाचतोय, सात पावलांवर यंत्र निंबाच्या मुळाशी धापा टाकतंय, आणि हजारो कोसांवरून फोन येतो, "बाबा, मशीन झाडाखाली अडकलंय, बघा जरा." एकदा मी म्हणालो, "अरे, झोप तू. मला दिसतंय इथून." त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. ठेवला मात्र नाही फोन बराच वेळ.

मग तो दिवस आला. रात्री भुरभुर होऊन गेली होती. यंत्राला पाऊस कळतो आणि ते घरी जातं, हे खरं. पण पाऊस थांबल्यानंतर उतार किती वेळ निसरडा राहतो, हे त्याला कळत नाही. ते मलाही दोन वर्षांपूर्वी कळलं नव्हतं. माहितीपुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलंय, की ४५ टक्के हे मैदानाच्या मध्याला. हद्दीच्या कडेला, जिथे वळायचं असतं, तिथे उतार १५ टक्क्यांपर्यंतच असावा. आमच्या उताराची कड म्हणजे ओढा. सकाळी यंत्र खाली उतरलं, वळायला म्हणून फिरलं, आणि फिरता फिरता तसंच घसरत कुंपणाच्या तारेखालून थेट ओढ्यातल्या वेड्या बाभळीत. तिथे उलटं पडून त्याने जो टाहो फोडला तो तहसील कचेरीपर्यंत गेला असावा. चोरांसाठी ठेवलेला तो भोंगा. बंद करायचा तर चार आकडे दाबावे लागतात. ते आकडे अमेरिकेत.

भोंगा ऐकून मावशीच आधी पोचल्या. म्हणाल्या, "कुनी रडतंय का?" मग गाईचा कासरा आणला, बाभळीत शिरून यंत्राच्या कमरेला फास टाकला आणि आम्ही दोघांनी ते वर ओढलं. ओढलं मावशींनीच, मी आकडे दाबले. वर आल्यावर त्यांनी कासऱ्याचं दुसरं टोक निंबाला बांधलं आणि म्हणाल्या, "असं बांधून सोडत जावा. दांडगं वासरू असंच शिकतंय." हसण्यावारी नेण्यासारखी सूचना नाही ही. फार तीव्र उतारावर यंत्र दोराला बांधून खाली-वर सोडण्याची रीत युरोपातही आहे. मावशींनी फक्त त्याचे पैसे मागितले नाहीत.

कासरा सोडवून घेताना त्या सहज म्हणाल्या, "अण्णा, आता ह्ये रोज फिरनार, तर मग आमाला वैरनीला दुसरीकडं बघाया पायजे. आदीच सांगा."

हे मला सुचलंच नव्हतं. चढ, उतार, टक्के, पाती, उपग्रह, सगळं बघितलं. हे नाही बघितलं. रोज केसभर उडवून चुरा केलेलं गवत गाईला घालता येत नाही. पंधरा दिवस मावशी भाऱ्याला आल्या नव्हत्या, आणि त्या का आल्या नाहीत हे मी त्यांना विचारलं नव्हतं. २०१९ च्या उन्हाळ्यात याच बाईंची हीच गाय छावणीत उभी होती, उसाचं वाढं खात. ते मी पाहिलेलं होतं.

आणि त्याच्याही मागचं. १९७२ ला बांधबंदिस्तीच्या कामावर मी नवा होतो, अंगात कायदा संचारलेला. बायका दिवसभर माती टाकायच्या आणि सुट्टी झाली की बांधाच्या कडेचं वाळकं गवत मुळासकट उपटून ओटीत घालायच्या. मी ओरडायचो, गवत उपटू नका, बांधाची माती सुटेल. बोलणं चुकीचं नव्हतं. उतारावरची माती गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेली असते. एके दिवशी एक पोरगेलीशी बाई ओटी तशीच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, माती धरायची का म्हस?" मला उत्तर आलं नाही. मी मस्टर उघडून उगाच काहीतरी लिहीत बसलो. विळ्याने चार बोटं वर ठेवून कापलं तर माती आणि म्हैस दोन्ही राहतात, हे मला फार पुढे कळलं, आणि तेही मावशींना कापताना बघून. यंत्र आमच्या उतारावर गवत दोन बोटांवर आणतं. त्याच्या पुस्तकात माती नाही आणि म्हैस तर नाहीच.

तेव्हा टीकाकार म्हणून माझा निकाल असा. सपाट किंवा पिट्सबर्गछाप अंगण असेल, तर खुशाल घ्या. उतार ३० टक्क्यांच्या पुढे असेल तर चारही चाकांना जोर असलेलं घ्या. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यातून ओल्या गवताचे दहा आणि खालच्या वळणाचे पंधरा वजा करा, आणि ते अंश आहेत की टक्के, हे त्याच्याकडून लिहून घ्या. उताराच्या पायथ्याशी ओढा, विहीर किंवा शेजाऱ्याची कोबी असेल तर घेऊ नका. जमिनीत दगड असतील तर घेऊ नका. आणि गवताची कुणी वाट बघत असेल तर अजिबात घेऊ नका. तुम्ही शेळीबद्दल विचाराल. शेळी १०० टक्के चढ चढते, वीज खात नाही, कडेला वळताना घसरत नाही. पण शेळीला गवतात गोडी नाही. ती पाला शोधते. तिने गवत तसंच ठेवून आमचा गुलाब खाल्ला. गवतासाठी मेंढीच पाहिजे, त्याबाबत विल्सनसाहेब बरोबर होते.

हा निकाल मी तीन पानी टिपणी करून, खात्याच्या पद्धतीने, 'सबब सदरहू यंत्र परत करण्यात यावे' अशा शेवटासकट चिरंजीवांना वाचून दाखवायला घेतला. रविवारचा फोन होता. दुसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं.

"बाबा, ठेवा ना ते."

"अरे, पण कापत नाही नीट."

"न कापू दे. फोनवर मला तो ठिपका फिरताना दिसतो. तो फिरतोय म्हणजे तुम्ही उठलाय, दार उघडलंय, लाइट आहे. तेवढं बघून मी झोपतो."

तिसरं पान मी वाचलं नाही.

आता व्यवस्था अशी आहे. उतार मावशींकडे. शेवग्याच्या शेंगाही त्याच वर आणून देतात. यंत्र दारापुढच्या सपाट अंगणात, तुळशीभोवती, सकाळी साडेसातला सुटतं. पिट्सबर्गला तेव्हा रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात. आमची ही रांगोळी आठनंतर काढते. मार्गशीर्षात हरळी वाळली, तेव्हा मी त्याची पाती काढून डब्यात ठेवली. तरी ते रोज फिरतं, कोरड्या जमिनीवरून, काहीही न कापता, अर्धा तास.

परवा मावशी ताक न्यायला आल्या होत्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"अण्णा, गवत तर न्हाई. मग ह्ये काय कापतंय?"

"काही नाही. फिरायला सोडलंय," मी म्हणालो.

"सोडावंच," मावशी म्हणाल्या. "बांधून राह्यलं की जनावराचं पाय धरत्यात."